घाट आधी, गाव नंतर

मार्गासनीला रेल्वे नाही. कधी नव्हती. नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथून गुंजवण्याचा फाटा फुटतो आणि राजगडाला निघालेली मंडळी इथेच वळतात. तालुक्याला पूर्वी वेल्हे म्हणत, आता राजगड म्हणतात. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून रुळाचा एक तुकडा नाही. पुणे-मिरज मार्ग जेजुरी-नीरेकडून जातो, आमच्या अंगाला येत नाही. तरीही गेली काही वर्षं माझ्या घराच्या माळ्यावर रोज संध्याकाळी आठ डब्यांची गाडी घाट चढते. हे पुस्तक त्या घाटाविषयी आहे.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरतो. इंग्रजी पुस्तकांत ‘भोर घाट’ अशा स्पेलिंगने जो रेल्वेघाट येतो तो आपला खंडाळ्याचा बोरघाट. त्याचा आमच्या भोरशी संबंध नाही. बाहेरगावचे दोन-तीन हौशी मित्र इथे यायचं म्हणून ‘भोर स्टेशन’ शोधत बसले होते, म्हणून लिहिलं. त्यांना स्वारगेटवरून एसटीने यावं लागलं.

हेलिक्स म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो: चक्री जिन्यावर पायऱ्यांऐवजी रूळ. मॉडेल रेल्वेचा लेआउट दोन किंवा तीन मजली असला की खालच्या मजल्यावरची गाडी वरच्या मजल्यावर नेण्यासाठी गोल गोल चढत जाणारा मार्ग लागतो. त्याला मराठीत चक्रीमार्ग वगैरे म्हणून पाहिलं. पण या छंदातला कोणीही माणूस हेलिक्सच म्हणतो, म्हणून पुस्तकभर मीही तेच म्हटलं आहे. एका फेरीला मात्र ‘वेढा’ म्हटलं आहे. तो शब्द आमच्या मुलखात गडांमुळे सगळ्यांच्या तोंडात आहे.

पुण्यात हा छंद आला कुठून, असं विचारलं तर बहुतेकांचं बोट कोथरूडकडे जातं. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तिथला लेआउट एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलाचं बोट धरून गेलो होतो आणि बाहेर पडताना मुलालाच माझं बोट धरून ओढावं लागलं. एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर काम करणाऱ्या माणसाला तिथे जे दिसलं ते खेळणं वाटलं नाही. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा पेन्शनीचे कागद, आईची शिवणाची मशीन आणि रुळांची चार खोकी एवढं घेऊन आलो.

माळा चौदा फूट लांब, दहा फूट रुंद. एवढ्या जागेत एकमजली लेआउट केला की गाडी स्वतःचंच शेपूट पकडायला निघाल्यासारखी फिरते. स्टेशन सोडलं नाही तोच परत स्टेशन. प्रवास वाटत नाही. भिंतीच्या कडेने दोन मजले केले तर अंतर दुप्पट होतं, खालचं स्टेशन कोकणात आणि वरचं देशावर आहे असं मानता येतं. पण मग मधे सह्याद्री उभा राहतो.

हिशेब सोपा आहे, आणि तो सोपा असल्यामुळेच लोक करत नाहीत. दोन मजल्यांत ४० सेंटीमीटर अंतर हवं. त्याहून कमी ठेवलं तर खालच्या मजल्यावर हात आणि डोळे पोचत नाहीत. चढ ४० ला १ धरला, म्हणजे चाळीस सेंटीमीटर गेल्यावर एक सेंटीमीटर वर, तर ४० सेंटीमीटर चढायला १६ मीटर रूळ लागतो. माझी सगळ्यांत लांब भिंत सव्वाचार मीटरची. सरळ रेषेत हा घाट शेजाऱ्याच्या गोठ्यात निघाला असता. म्हणून तो गुंडाळायचा. ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ३७७ सेंटीमीटर होतो. असे चार वेढे घेतले की पंधरा मीटर रूळ दीड मीटर चौरस जागेत मावतो.

आता हाच आकडा बोरघाटाशेजारी ठेवून पाहा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली तिथे काम सुरू केलं आणि १८६३ साली घाट वाहतुकीला खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. लांबी पावणेसोळा मैलांहून थोडी जास्त, चढ १८३१ फूट, पंचवीस बोगदे. कामाचा एक ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोचून थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे पुरा करवून घेतला. त्या घाटातला सगळ्यांत कडक चढ ३७ ला १. जुने रेल्वेवाले आजही ‘वन इन थर्टीसेव्हन’ म्हणतात तो हाच. ३७७ सेंटीमीटरच्या वेढ्याला ३७ ने भागलं तर उत्तर येतं १० सेंटीमीटर आणि वर दोन मिलिमीटर. म्हणजे ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या हेलिक्समध्ये एका वेढ्याला दहा सेंटीमीटर उंची घेतली की बोरघाटाचा चढ जसाच्या तसा माळ्यावर येतो. हे गणित पहिल्यांदा जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. घरच्यांना यात झोप जाण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही.

नुसता चढ नव्हे, अख्खा बोरघाट एचओ मापात आणायचा म्हटलं तर? उंची भरते ६.४ मीटर, लांबी २९३ मीटर आणि वेढे अठ्ठ्याहत्तर. दुमजली घराच्या छपरातून वर निघेल. तेव्हा कोणीही केलेला हेलिक्स हा घाटाचा एक घोटच असतो, हे मनाशी धरून कामाला लागावं.

घाट चढायच्या इतर तऱ्हाही आहेत, त्यांची नावं तरी इथे घेतली पाहिजेत. बोरघाटातच पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका कड्यापर्यंत चढायची, तिथे इंजिनाचं तोंड फिरायचं आणि मग उरलेला घाट उलट दिशेने चढायची. विजेची गाडी आली आणि १९२९ साली नवी आखणी करून ते बंद झालं. लेआउटवर ही तऱ्हा फार देखणी दिसते आणि जागा कमी खाते, पण दर गाडीला थांबून काटा बदलायला धीर लागतो. दुसरी तऱ्हा भिंतीच्या कडेकडेने हळूहळू चढत जायची. मोठी खोली असेल तर हिला तोड नाही, कारण गाडी कुठेही लपत नाही. तिसरी तऱ्हा लिफ्टची, अख्खी गाडी फळीवर घेऊन वर उचलायची. माझ्या मते ती रेल्वे नव्हे. ज्यांना आवडते त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण पुस्तकात तिला अर्धं पान दिलं आहे, तेही खळखळ करत.

पूर्ण वेढा घेणारी खरी रेल्वे बघायची तर दार्जिलिंगच्या छोट्या गाडीने प्रवास करावा. तिथे गाडी स्वतःच्याच मार्गाखालून किंवा वरून जाते. १९१९ साली झालेला बतासियाचा वेढा त्यातला प्रसिद्ध. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुझियोला उघड्या माळावर दगडी कमानींचा गोल पूल आहे, १९०८ सालचा. गाडी गोल फिरून आपल्याच पुलाच्या कमानीखालून निघते. गॉटहार्ड मार्गावर वेढे डोंगराच्या पोटात आहेत, म्हणून वासेन गावचं चर्च प्रवाशाला तीनदा तीन वेगळ्या उंचींवर दिसतं. वरच्या मजल्याच्या कडेला असं एखादं देऊळ ठेवावं आणि ते हेलिक्सच्या फटींतून दर वेढ्याला दिसावं, ही माझी जुनी इच्छा आहे. अजून जमलेलं नाही.

आता माझी फजिती. ती सांगितल्याशिवाय हे पुस्तक लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पहिला हेलिक्स मी सगळ्यांत शेवटी केला. आधी खालचं स्टेशन मांडलं, मग वरचं, मग ओढा, भातखाचरं, पूल. सगळं झाल्यावर कोपऱ्यात जी जागा उरली त्यात हेलिक्स बसवला. त्रिज्या मिळाली ४५ सेंटीमीटर, वेढ्याला चढ ९ सेंटीमीटर. भागाकार केला, ३१ ला १ आला. बोरघाटाहून थोडा कडक, चालेल म्हटलं. आठ डब्यांची गाडी दुसऱ्या वेढ्यावर थांबली आणि इंजिन जागच्या जागी चाकं घासत राहिलं. डबे कमी करत करत चारावर आलो तेव्हा कुठे ती वर पोचली.

चूक कुठे होती ते नंतर समजलं. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात आणि ते घासणं इंजिनाला चढासारखंच जड जातं. खऱ्या रेल्वेत हे नीट मोजलेलं असतं. आपल्याकडे ब्रॉडगेजवर वळणाच्या दर अंशामागे चढ ०.०४ टक्क्याने कमी करतात, म्हणजे इंजिनाला एकूण ओझं सारखंच पडतं. मॉडेलवाल्यांत एक ठोकताळा चालतो: ३२ ला त्रिज्येच्या इंचांनी भागा, येईल तेवढे टक्के चढात मिळवा. ४५ सेंटीमीटर म्हणजे पावणेअठरा इंच, भागाकार १.८. चढ होता ३.२ टक्के. बेरीज पाच. पाच टक्के म्हणजे २० ला १, आणि २० ला १ हा माथेरानच्या गाडीचा चढ आहे. ती नेरळ-माथेरान गाडी, आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली, १९०७ साली सुरू झालेली. दोन फुटी रूळ, मोजके हलके डबे आणि तिच्या जुन्या जर्मन वाफेच्या इंजिनांना वळणावर आसच आडवा सरकेल अशी खास रचना. मी मात्र आठ डब्यांची मेल गाडी माथेरानच्या वाटेवर घातली होती आणि वर इंजिनालाच नावं ठेवत होतो.

म्हणून या पुस्तकाचं म्हणणं एकच आहे, आणि तेच शीर्षक केलं आहे. आधी हेलिक्स ठरवा, मग स्टेशनं. घाट आधी, गाव नंतर. खऱ्या रेल्वेनेही हेच केलं. कर्जतला घाट चढण्यासाठी मागे बँकर इंजिनं लावावी लागतात म्हणून कर्जत मोठं स्टेशन झालं. घाटाने गाव ठरवलं, गावाने घाट नाही.

दुसऱ्या हेलिक्सची गोष्ट आमच्या गवंड्यापासून सुरू होते. घराला गिलावा करायला आलेला हा माणूस दुपारच्या सुट्टीत माळ्यावर आला, मोडलेला जुना हेलिक्स आणि खडूने जमिनीवर काढलेलं नवं वर्तुळ बघत राहिला. म्हणाला, “अण्णा, चक्री जिना हाय ह्यो. पण वर निघणार कुठनं?” त्याला त्रिज्या, टक्के यातलं काही सांगायची गरज पडली नाही. चक्री जिना बांधणारा सगळ्यांत आधी हेच विचारतो: शेवटची पायरी कोणत्या दाराकडे तोंड करणार?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पूर्ण वेढे घेतले तर गाडी जिथून आत शिरली त्याच्याच डोक्यावर, त्याच दिशेला तोंड करून बाहेर पडते. समोरच्या बाजूने काढायची असेल तर अर्धा वेढा जास्त किंवा कमी लागतो. माझे मजले ४० सेंटीमीटरवर होते आणि वरचं स्टेशन समोरच्या भिंतीला. चारऐवजी साडेचार वेढे केले तर एका वेढ्याला ८.९ सेंटीमीटरच मिळतात आणि गाडीच्या डोक्यावर जागा उरत नाही. साडेतीन केले तर ११.४ सेंटीमीटर, आणि चढ तीन टक्क्यांच्या पुढे. तीन दिवस कागद खरडल्यावर उत्तर सापडलं ते वेढ्यांत नव्हतंच. वरचा मजला पाच सेंटीमीटरने उचलला, ४५ केला. साडेचार वेढे, दर वेढ्याला दहा. मजले आधी पक्के झाले असते तर हे करता आलं नसतं. गवंड्याला त्या दिवशी चहाऐवजी जेवायलाच बसवलं.

त्रिज्येचं माप डब्यावरून घ्यावं, खोलीवरून नव्हे. नियम असा की सगळ्यांत लांब डब्याच्या अडीचपट त्रिज्या असेल तर बहुतेक गाड्या चालतात, तिप्पट असेल तर निश्चिंत राहावं. आपल्या जुन्या निळ्या आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटरची, एचओ मापात साडेचोवीस सेंटीमीटर. अडीचपट म्हणजे ६१. एलएचबीचा डबा साडेतेवीस मीटरचा, मापात २७ सेंटीमीटर. अडीचपट होतात साडेसदुसष्ट. म्हणून ६० सेंटीमीटरचा हेलिक्स आयसीएफला कसाबसा पुरतो, एलएचबीवाल्यांनी खोली वाढवावी. बाजारात मिळणारे तयार वळणाचे तुकडे वापरायचे असतील तर हॉर्नबीच्या चौथ्या त्रिज्येचा तुकडा ५७२ मिलिमीटरचा येतो, सोळा तुकड्यांत वर्तुळ पुरं होतं. दहा सेंटीमीटर वेढा धरला तर दर तुकड्याला सव्वासहा मिलिमीटर उचलायचं. नवशिक्याला हा हिशेब फार सोयीचा पडतो, सोळा ठोकळे कापले की झालं. पण तयार तुकड्यांचे सांधे फार, आणि दर सांधा ही एक भावी तक्रार आहे. मी लवचीक रूळ वापरतो.

उंचीत गाडी मावते का हे तर पाहायचंच, हात मावतो का हेही पाहायचं. डब्याची खरी उंची चार मीटरच्या आसपास, मापात ४६ मिलिमीटर. दहा सेंटीमीटरच्या वेढ्यात प्लायवूड, कॉर्क आणि रूळ मिळून दोन सेंटीमीटर जातात, रुळावर आठ उरतात. म्हणजे डब्यावर साडेतीन सेंटीमीटर. एवढ्यात दोन बोटं शिरतात आणि रुळावरून घसरलेला डबा चिमटीत धरून परत बसवता येतो. यापेक्षा कमी ठेवणाऱ्या माणसाने डबा कधी घसरणारच नाही अशी खात्री बाळगावी, आणि तशी खात्री देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिवाय हेलिक्स भिंतीला चिकटवू नये. मधल्या पोकळीत वाकून शिरून उभं राहता आलं पाहिजे. ६० सेंटीमीटर त्रिज्येत मधे मीटरभर व्यासाची जागा उरते, त्यात मी एक तिवई ठेवली आहे. नातू म्हणतो, आजोबा विहिरीत उतरले.

प्लायवूडचं प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं आहे, आणि ते आमच्या पावसामुळे. वेल्हे खोऱ्यात पाऊस जून ते सप्टेंबर नुसता पडत नाही, राहायला येतो. भिंतींना ओल, कपड्यांना वास, आणि साध्या कमर्शियल प्लायला फुगवटा. पहिल्या हेलिक्सच्या तिसऱ्या वेढ्याला ऑगस्टमध्ये असा फुगा आला की गाडी तिथे उंटासारखी चालायची. तेव्हापासून आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच घेतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये शिक्का स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावा. बारा मिलिमीटरचा एक थर घेण्याऐवजी सहाचे दोन थर गोंदाने चिकटवावेत आणि खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ देऊ नये. विटांच्या भिंतीत गवंडी हेच करतो. अख्खं वर्तुळ कापलं तर आठ बाय चारचा ताव निम्मा वाया जातो. आठ तिरपे तुकडे कापून जोडले तर वाया जाणारं मूठभर राहतं. कापलेल्या कडांना वॉर्निश लावायला विसरू नये. पाणी कडेने शिरतं, पृष्ठातून नाही.

आधाराला मी आठ मिलिमीटरचे थ्रेडेड रॉड वापरतो, आठ जागी दोन-दोन. रविवार पेठेत बोहरी आळीत कुठेही मिळतात. प्रत्येक वेढ्याखाली नट आणि वॉशर, त्यामुळे नट फिरवून मिलिमीटरचा हिशेब करता येतो. लाकडी ठोकळे स्वस्त पडतात पण एकदा चुकले की चुकले. उंची मोजायला लेझर लेव्हल आणली होती, पण ती ठेवायला सपाट जागा माळ्यावर नाही. शेवटी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळीच उपयोगी पडली. दोन टोकांचं पाणी खोटं बोलत नाही. प्रत्येक रॉडवर पेन्सिलीने खूण केली, एका खुणेपासून पुढची साडेबारा मिलिमीटर वर, आठ खुणा झाल्या की दहा सेंटीमीटर.

चढाची सुरुवात एकदम करू नये, हे सगळे सांगतात आणि सगळेच विसरतात. सपाटीवरून थेट अडीच-तीन टक्क्यांवर चढवलं की लांब इंजिनाची मधली चाकं हवेत राहतात किंवा दोन डब्यांचे कपलर वरखाली सुटतात. मी एका डब्याच्या लांबीमागे अर्धा टक्का असा चढ वाढवतो. म्हणजे हेलिक्सच्या तोंडाशी सव्वा मीटरभर जागा नुसती चढ वाढवण्यात जाते, आणि वर तेवढीच तो कमी करण्यात. ही जागा आराखड्यात धरलेली नसते. ती मग कुठल्या तरी स्टेशनातून चोरली जाते, आणि चोरी नेहमी यार्डातूनच होते.

दुहेरी मार्ग करणाऱ्यांनी चढणारी गाडी बाहेरच्या रुळावर घ्यावी. तिथे त्रिज्या मोठी, चढ थोडा सौम्य. उतरणारी आतून. उतरणीचं वेगळं भय आहे. इंजिनाच्या वर्म गिअरमुळे ते स्वतः घरंगळत नाही, पण चढताना कपलर सुटला तर मागचे डबे मोकळे होऊन सुसाट खाली येतात. बोरघाटात अशा सुटलेल्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग आहेत, चढावर वळवलेल्या, जिथे गाडी आपोआप मंदावते. आमच्या घाटात तळाला स्पंजाचा तुकडा आहे. शिवाय प्रत्येक वेढ्याच्या बाहेरच्या कडेला दोन सेंटीमीटरचा कठडा लावावा. कठडा नव्हता तेव्हा माझा एक डबा वरच्या वेढ्यावरून थेट फरशीवर आला होता. त्याची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही. हे पुस्तक घरातलं कोणी वाचणार नाही या भरवशावर इथे सांगतो की कठड्याच्या पट्टीचा खर्च त्या किमतीच्या विसाव्या हिश्शाइतकाही नव्हता.

बाकी वीज. रुळांच्या सांध्यांतून पुढे जाईल अशा आशेवर राहू नये. दर मीटरला खालून वेगळी तार द्यावी. एवढंच इथे पुरे, सातव्या प्रकरणात नकाशे आहेत.

एक गोष्ट मात्र नकाशात येत नाही. चार वेढ्यांचा हेलिक्स पंधरा मीटरचा, मापात १.३ किलोमीटर. ताशी चाळीसच्या वेगाने गाडीला तो चढायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ गाडी दिसत नाही. पाहुण्यांना ही दोन मिनिटं फार जड जातात. पहिल्या मिनिटाला ते माझ्याकडे बघतात, दुसऱ्या मिनिटाला घड्याळाकडे. बायको तर पहिल्या दिवशी म्हणाली, “अहो, ती आत अडकलीय, बघा तरी.” मी बघितलं नाही. खालच्या स्टेशनात शिट्टी झाली, गाडी बोगद्यात शिरली, प्लायमधून घरघर ऐकू येत राहिली, वेढ्यागणिक आवाज वर सरकला आणि मग समोरच्या भिंतीवर, आमच्या डोळ्यांच्या उंचीला, इंजिनाचा दिवा निघाला. काही जण यासाठी आत कॅमेरा बसवतात. मी एक फट ठेवली आहे, तेवढीच. खंडाळ्याच्या प्रवासातही बोगदा संपेपर्यंत दरी दिसत नाहीच.

हेलिक्स कोणी करू नये तेही सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाही. खोली आठ बाय आठ असेल तर एचओमध्ये करू नका. पाचएक फूट चौरस हेलिक्सलाच जाईल आणि उरलेल्यात गाडी धावेल कुठे? एन माप घ्या, नऊ मिलिमीटरचे रूळ, १६० व्या हिश्शाच्या गाड्या. तिथे ३३ सेंटीमीटर त्रिज्येत, वेढ्याला सहा सेंटीमीटर घेऊन, तीन टक्क्यांच्या आत काम होतं. भाड्याच्या घरात करू नका. हेलिक्स सुटा करून नेता येतो असं लोक म्हणतात. मी पुण्याहून गावी एक सुटा हेलिक्स आणला होता आणि इथे आल्यावर त्यातला कोणता तुकडा वरचा आणि कोणता खालचा हे ठरवण्यात दिवाळी गेली. आणि गाडी सतत डोळ्यांसमोर असावी असं ज्याला वाटतं त्याने मुळीच करू नये. त्याने भिंतीकडेने चढावं आणि सुखी राहावं.

पुस्तकातली कोष्टकं मी स्वतः केली आहेत आणि प्रत्येक आकडा माझ्या माळ्यावर रूळ टाकून तपासला आहे. ज्या मापांचे रूळ माझ्याकडे नाहीत त्यांची कोष्टकं दिलेली नाहीत. डिजिटल कंट्रोलविषयी पुस्तकात फार काही नाही, कारण तो विषय दर वर्षी बदलतो आणि चढ बदलत नाही. काम मात्र दसऱ्यानंतर सुरू करा. ओल सुकलेली असते, प्लाय सरळ राहतो, आणि पुढच्या जूनच्या आत गोंद पुरता धरतो.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करा. तुमची सगळ्यांत लांब गाडी, इंजिनासकट, सपाट रुळावर ताणून उभी करा आणि टेपने मोजा. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक रिकामी चौकट सोडली आहे, तिथे तो आकडा लिहा. पुढची सगळी गणितं त्यावरून सुरू होतात. माझ्या प्रतीत तिथे २ मीटर ३१ सेंटीमीटर लिहिलं आहे.